मात्रेचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



गेल्या पावसाळ्यात एका दुपारी माझ्या मुलीचा फोन आला. आवाज असा की, आधी शब्दच कळेनात. माझा चार वर्षांचा नातू स्टूल ओढत कपाटापर्यंत पोचला होता आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांची बाटली घेऊन पलंगाखाली जाऊन बसला होता. संत्र्याच्या चवीच्या, प्राण्यांच्या आकाराच्या मऊ गोळ्या. रोज एक द्यायची. त्याने किती खाल्ल्या, हे त्यालाही सांगता येईना. "हत्ती संपले," एवढेच तो म्हणत होता.

आम्ही त्याला उचलून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पोराकडे बघायच्या आधी बाटली मागितली आणि तीन प्रश्न विचारले. बाटलीत किती होत्या? आता किती उरल्यात? आणि यात लोह आहे का? लेबलवर लोह नव्हते. उरलेल्या गोळ्या मोजल्या, तर अकरा कमी भरल्या. डॉक्टरांनी हिशेब केला, दोन तास त्याला समोर बसवून ठेवले आणि मग घरी जायला सांगितले. पोराला काही झाले नाही. परतताना रिक्षात मुलगी मात्र रडत होती. म्हणाली, "अब्बा, त्याच्या भल्यासाठीच आणली होती ना मी?"

मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेला आणि कविता लिहिणारा माणूस. तिला काय उत्तर द्यावे, ते तेव्हा मला सुचले नाही. ते शोधायला मी पुस्तके उघडली, जाणत्यांना विचारले. त्यातून जे हाती लागले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आम्ही कवी मंडळी मात्रा मोजतो. लघु अक्षराची एक, गुरू अक्षराची दोन. एक मात्रा वाढली तरी ओळ अडखळते. वैद्यही औषधाच्या मापाला मात्राच म्हणतात. एकच शब्द दोन घरी नांदतो, याचे मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे. आमच्या कोकणातल्या घरी दादी तान्ह्या पोरांसाठी गुटी उगाळायची. सहाणेवर हळकुंड, वेखंड, बाळहिरडा, जायफळ. प्रत्येकाचे वेढे ठरलेले. जायफळाचा वेढा एकच. कोणी घाईत दुसरा वेढा फिरवला, तर ती हात धरायची. गुटी द्यावी की नाही, हे आज डॉक्टरांना विचारावे. मला आठवतो तो दादीचा मोजणारा हात.

व्हिटॅमिनची कथा सुरू होते ती मात्र अभावापासून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जावा बेटावर आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. पांढऱ्याशुभ्र, सडलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या पुन्हा चालू लागतात, असे त्यांना दिसले. १९१२ मध्ये लंडनमध्ये काम करणाऱ्या काझिमीर फुंक या पोलंडच्या शास्त्रज्ञाने अन्नातल्या अशा घटकांना नाव दिले 'व्हायटामाइन', म्हणजे जीवनाला आवश्यक असलेली अमाइन. पुढे कळले की हे सगळेच घटक काही अमाइन नाहीत. मग १९२० मध्ये नावाची शेपटी थोडी छाटली आणि आजचा शब्द रूढ झाला.

या कथेत आपली मुंबईही आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. इथल्या गरीब गरोदर बायकांना होणाऱ्या एका जीवघेण्या पंडुरोगाचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. इंग्रज लोक न्याहारीला पावावर लावतात, तो यीस्टचा स्वस्त अर्क दिला की या बायका सुधारतात, हे त्यांनी दाखवून दिले. १९३१ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लोह आणि फोलिक ॲसिडची गोळी मिळते, तिचे एक मूळ मुंबईत आहे.

मुलांच्या डोळ्यांचेही तसेच. 'अ' व्हिटॅमिन कमी पडले की आधी रातांधळेपणा येतो, मग बुबुळ कोरडे पडते, मऊ होते आणि दृष्टी कायमची जाते. आपल्या देशात अशी कितीतरी मुले आंधळी होत होती. म्हणून १९७० मध्ये सरकारने लहान मुलांना दर सहा महिन्यांनी 'अ' व्हिटॅमिनचा मोठा डोस पाजण्याची मोहीम सुरू केली. तेव्हा कोणी असे समजू नये की, मी व्हिटॅमिनच्या विरोधात बोलतो आहे. अभावाचे दुःख आपल्या माणसांनी पुष्कळ भोगले आहे.

घात झाला तो पुढच्या पायरीवर. कमी पडले की आजार आणि दिले की आराम, हा धडा आपण पक्का गिरवला. त्याच्या पाठोपाठ दुसरा समज आपोआप मनात शिरला, की जास्त दिले तर जास्त आराम. हा दुसरा धडा कोणत्याही शास्त्रज्ञाने शिकवला नव्हता.

यातली मेख समजायला सोपी आहे. 'ब' गटातली आणि 'क' ही व्हिटॅमिने पाण्यात विरघळतात. गरजेपेक्षा जास्त झालेला बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो. 'अ' आणि 'ड' यांचे तसे नाही. ती चरबीत विरघळतात आणि शरीरात साठतात. 'अ' साठते यकृतात. 'ड' चरबीत मुरून राहते आणि जास्त झाले की रक्तातले कॅल्शियम वाढवते. मग भूक मरते, उलट्या होतात, तहान लागते, शौचाला होत नाही, आणि मूत्रपिंडावर ताण येतो. देणे थांबवले तरी साठलेले लगेच ओसरत नाही. मोठ्या माणसाचा देह म्हणजे रांजण धरला, तर मुलाचा देह वाटीएवढा. रांजणात तांब्याभर पाणी जास्त पडले तर समजतही नाही. वाटीत पडले तर ती भरून वाहते.

यकृतात 'अ' साठते, याचा फार जुना पुरावा बर्फाळ प्रदेशातून मिळतो. १५९६ मध्ये डच दर्यावर्दी विलेम बॅरेंट्स उत्तरेकडून चीनला जायची वाट शोधत निघाला आणि त्याचे जहाज नोवाया झेम्ल्या बेटाजवळ बर्फात अडकले. खलाशांनी बेटावर लाकडी घर बांधून हिवाळा काढला. १५९७ च्या वसंतात त्यांनी पांढऱ्या अस्वलाचे यकृत शिजवून खाल्ले. सगळे आजारी पडले. त्यातले तिघे तर इतके, की ते वाचतील असे कोणाला वाटेना. डोक्यापासून पायापर्यंत त्यांची कातडी सोलून निघाली. हे सारे त्यांच्यातल्याच गेरिट डे वेअर याने रोजनिशीत लिहून ठेवले. त्या यकृतात विष होते तरी कोणते? उत्तर मिळायला साडेतीनशे वर्षे जावी लागली. १९४३ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी ते यकृत तपासले. त्याच्या एका ग्रॅममध्ये 'अ' व्हिटॅमिनची दहा हजारांहून जास्त युनिटे निघाली. ज्याच्या अभावाने डोळे जातात, त्याच्याच अतिरेकाने कातडी गेली होती.

माशाच्या यकृताचे तेल तर आपल्या ओळखीचे आहे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचे कॉड माशाचे तेल यायचे बंद झाले, तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुशीच्या, म्हणजे शार्कच्या यकृताचे तेल काढण्याचा उद्योग उभा राहिला. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी नाक दाबून हे तेल चमचा-चमचा प्यायले आहे. एक खरे, की त्याची चवच अशी होती की कोणी मूल ते चोरून प्यायला जात नसे. कडूपणा हाही एक पहारेकरी होता.

अमेरिकेत त्या काळात या तेलांचे तीव्र अर्क निघाले. चमचाभर तेलाचे काम आता काही थेंबांत होऊ लागले. १९५० मध्ये न्यूयॉर्कचे क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी काही लहान मुलांच्या आजाराचे वर्णन छापले. मुले चिडचिडी झालेली, अन्नावरची वासना उडालेली, केस विरळ, ओठ फुटलेले, अंगाला खाज आणि हातापायांच्या हाडांवर दुखऱ्या, टणक सुजा. हात लावला की मूल कळवळायचे. कारण निघाले 'अ' व्हिटॅमिनचा महिनोन्‌महिने चाललेला अतिरेक. हे अर्क त्या मुलांना देत कोण होते? तर जिवापाड जपणाऱ्या आया. देणे थांबवल्यावर मुले सुधारू लागली.

पण चूक एकट्या आयांचीच होते असेही नाही. शहाणी सरकारेही चुकतात. ब्रिटनने महायुद्धाच्या टंचाईत एक मोठे काम केले होते. लहान मुलांना कॉडचे तेल आणि संत्र्याचा रस सरकारी योजनेतून मिळे, म्हणजे मुडदूस होऊ नये. दुधाच्या सरकारी भुकटीत 'ड' घातलेले असे. लहान मुलांच्या तयार लापशीतही ते घातले जाई. यातली एकही गोष्ट वाईट नव्हती. मग १९५२ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांना वेगळीच बाळे दिसू लागली. बाळ दूध टाकते, ओकते, त्याचे वजन वाढत नाही. रक्त तपासले तर कॅल्शियम भलतेच वाढलेले. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी पाहणी केली, तेव्हा दोनेक वर्षांत अशी दोनशेहून जास्त बाळे आढळली. काही दगावलीही.

हिशेब मांडला, तेव्हा ध्यानात आले की तेल, भुकटी आणि लापशी मिळून एखाद्या बाळाच्या पोटात दिवसाला चार हजार युनिटांपर्यंत 'ड' जाऊ शकते. गरज होती चारशेच्या आसपास. प्रत्येकाने आपापल्या डब्यापुरते माप बरोबर घातले होते. बेरीज मात्र कोणीच केली नव्हती. १९५७ मध्ये प्रमाण खाली आणले आणि असे रुग्ण पुढच्या काही वर्षांत कमी झाले.

तरी एक कोडे उरलेच. तेच तेल, तीच भुकटी लाखो बाळांनी खाल्ली; मग आजारी पडली ती मोजकीच का? याचे एक उत्तर २०११ मध्ये मिळाले. काही मुलांच्या जनुकात जन्मजात दोष असतो. शरीरातले 'ड' मोडून बाहेर काढणारे एन्झाइम त्यांच्यात नीट काम करत नाही. इतरांना सोसते ते या मुलांना सोसत नाही, आणि असे मूल नुसते बघून ओळखू येत नाही. 'शेजारच्या पोराला मानवले, मग आपल्यालाही मानवेल' हे म्हणणे किती कच्चे आहे, ते यावरून कळावे.

आता आपल्या देशातली एक गोष्ट. नोव्हेंबर २००१ मध्ये आसाममध्ये तीस लाखांहून जास्त मुलांना 'अ' व्हिटॅमिन पाजण्याची मोहीम झाली. या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये एक लाख युनिटे असतात. वर्षावरच्या मुलाला दोन मिलिलिटर द्यायचे. एरवी त्यासाठी दोन मिलिलिटरचा चमचा असे. या खेपेस चमच्याऐवजी पाच मिलिलिटरचे प्लास्टिकचे छोटे पेले देण्यात आले. मोहिमेनंतर शेकडो मुले उलट्या, ताप, डोकेदुखी यांनी आजारी पडली. काही मुले दगावली. ते मृत्यू औषधामुळेच झाले की लहान मुलांच्या नेहमीच्या आजारांमुळे, यावर तज्ज्ञांत मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले. त्या वादाचा निवाडा मी कोण करणार? पण पेल्याबद्दल वाद नाही. हाताशी पाचाचा पेला असताना दोनाचे माप नेमके राखायचे, आणि तेही रांगेत शेकडो मुले रडत उभी असताना! ते हात कोणा अडाण्यांचे नव्हते. त्यांना फक्त बरोबर चमचा मिळाला नव्हता.

असाच घोटाळा घराघरांत थेंबनळीने होतो. तान्ह्या बाळाला रोज चारशे युनिटे 'ड' द्यावे, असे डॉक्टर सांगतात आणि ते योग्यच आहे. पण एका कंपनीच्या बाटलीत मिलिलिटरमागे चारशे युनिटे असतात, दुसरीत आठशे. बाटली बदलली, नळी तीच राहिली, की माप चुकले. २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नेमका याच थेंबनळ्यांबद्दल पालकांना इशारा दिला होता. आपल्याकडे तर साठ हजार युनिटांची पुडी आणि तेवढ्याच ताकदीची छोटी बाटली औषधाच्या दुकानात सहज मिळते. डॉक्टर ती आठवड्यातून एकदा, ठराविक आठवडेच घ्यायला सांगतात. हिशेब करून बघा. मोठ्या मुलाची गरज दिवसाला सहाशे धरली, तर साठ हजार म्हणजे शंभर दिवसांची शिधा एका घोटात. ही बाटली थेंबांच्या औषधासारखी रोज बाळाला पाजली गेली आणि बाळ रुग्णालयात दाखल झाले, असे प्रसंग भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहेत.

राहिला डॉक्टरांचा तिसरा प्रश्न, लोहाचा. लोह हे व्हिटॅमिन नव्हे, खनिज आहे. पण कित्येक व्हिटॅमिनच्या गोळ्यांत ते मिसळलेले असते. घरातल्या गरोदर बाईच्या गोळ्या लहान मुलाने चॉकलेट समजून खाणे, हा यातला सर्वांत भयंकर प्रसंग. अमेरिकेत एके काळी सहा वर्षांखालच्या मुलांच्या विषबाधेने होणाऱ्या मृत्यूंत लोहाच्या गोळ्यांचा वाटा फार मोठा होता. म्हणून तिथे १९९७ मध्ये नियम झाला, की जास्त ताकदीच्या लोहाच्या गोळ्या एकेक करून फोडाव्या लागतील अशा पाकिटांत विकाव्यात आणि लेबलवर इशारा छापावा. २००३ मध्ये न्यायालयाच्या निकालामुळे पाकिटाचा नियम गेला, पण इशारा राहिला. लोहाच्या विषबाधेची एक फसवी चाल प्रत्येक आईबापाला ठाऊक असली पाहिजे. आधी उलट्या, जुलाब, पोटदुखी होते. मग काही तास मूल बरे झाल्यासारखे वाटते. घरचे निश्चिंत होतात. आणि त्यानंतर ते एकाएकी ढासळते. म्हणून 'उलटी झाली, सगळे पडून गेले' असे म्हणून घरी थांबू नये.

शाळेत आणि अंगणवाडीत मुलांना मिळणारे लोह आणि 'अ' व्हिटॅमिनचे डोस मोजूनमापून ठरवलेले असतात. त्यांना घाबरून मुलाला दूर ठेवू नका. २०१८ पासून तेल आणि दूध यांत 'अ' आणि 'ड' मिसळण्याचे नियम आले आहेत. ते प्रमाण थोडे असते, त्याचीही भीती नको. भीती हवी ती न केलेल्या बेरजेची. शाळेतली गोळी, डब्यातली ताकदीची पूड, दुकानदाराने सुचवलेले टॉनिक आणि वर खाऊसारख्या दिसणाऱ्या गोळ्या, हे सगळे एकाच पोराच्या पोटात जाते. डॉक्टरांकडे जाताना या सगळ्यांची नावे कागदावर लिहून न्या. चमचा बाटलीबरोबर आलेलाच वापरा. बाटली उंच आणि कुलपात ठेवा. मुलाने जास्त खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी घरी बोट घालून ओकायला लावू नका. बाटली बरोबर घ्या आणि रुग्णालय गाठा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यासाठीही आहे.

आता माझ्या मुलीचा प्रश्न. त्याच्या भल्यासाठीच आणली होती ना? होय, भल्यासाठीच. न्यूयॉर्कच्या आयांनीही भल्यासाठीच दिले होते. ब्रिटनच्या सरकारने आणि आसामातल्या कार्यकर्त्यांनीही. या साऱ्या इतिहासात दुष्ट माणूस मला कुठे भेटला नाही. भेटला तो देणारा, मायेचा हात. मायेला माप नसते, म्हणूनच औषधाचे माप मायेवर सोपवता येत नाही. ते चमच्यावर आणि कागदावरच सोपवावे लागते.

तिला हे सांगितले, तशी ती जरा शांत झाली. पण एक गोष्ट मी तिला फार उशिरा सांगितली, आणि ती आज तुम्हालाही सांगतो. नातू सुरुवातीला ती गोळी घ्यायला तयार नव्हता. एका सकाळी मीच त्याला मांडीवर घेऊन म्हणालो होतो, "अरे, हा तर खाऊ आहे. बघ, हत्ती!" पोराने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढेच त्याचे चुकले. शब्द तोलून वापरण्यात माझे आयुष्य गेले, आणि नेमका तिथेच माझा तोल चुकला.

आता आमच्या घरी त्या बाटलीला औषध म्हणतात. ती कुलपात असते. आणि खाऊ म्हणून नातवाला मी पेरू देतो.